तपासून परत धाडलेली पत्रं

कोपरा फाडलेलं कार्ड नागपूरच्या सरकारी कचेरीत आलं, तेव्हा मी साहेबांच्या मसुद्यात स्वल्पविराम देत होतो. मेहकरहून पुतण्यानं लिहिलं होतं, विठूदादा गेले. कार्ड खिशात ठेवलं आणि, सांगायला लाज वाटते, उरलेले स्वल्पविराम देऊन टाकले... महिना उलटला, पण ते अजून टोचतात.

विठूदादा माझा चुलतभाऊ, आठ वर्षांनी मोठा. इंग्रजीपायी त्याची मॅट्रिक दोनदा हुकली आणि मळा गळ्यात पडला. मी तरी पास व्हावं म्हणून तो मोटेवर मला शिकवायचा. बैल उताराला लागले की प्रश्न, मोट वर येईस्तोवर उत्तर.

"बैल कसा हाये?"

"तांबडा."

"हे झालं विशेषण. आता चालते कसा?"

"तांबडा."

"अबे, तांबडा चालते काय तो? बैलाले हासू येऊन राह्यलं!"

मग बैल थांबवून तो पुन्हा समजावी. वस्तूचा गुण वेगळा, करण्याची रीत वेगळी, इंग्रजीत दोघांचे शब्दही वेगळे... तिकडे वाफ्यात वांगी माना टाकत. माझ्या इंग्रजीनं त्या साली वांगी वाळवली, हे दादाची बायको, म्हणजे वहिनी, पुढं कैक वर्षं ऐकवायची.

मी पास झालो, वऱ्हाड सोडून नागपूरला नोकरीला लागलो. निघताना दादा म्हणाला, "आता तू मास्तर. मी इंग्रजीत पत्र लिहीन, तू तपासून धाडत जाय." दर महिन्याला पत्र येई. मी लाल शाईनं खुणा करून तेच पत्र परत पाठवी. वेगळं उत्तर कशाला? विशेषण आणि क्रियाविशेषण यांत आता शिकवणाराच गोंधळतो, याची मला केवढी मौज! बायकोला वाचून दाखवून हसायचो. या भरात चार वर्षं मेहकरला जाणं झालं नाही.

तेराव्याला गेलो. वहिनीनं त्याची पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवली. सगळी पत्रं तारखेवार बांधलेली. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूवर दादानं दुरुस्त वाक्य पाच-पाचदा घोटून लिहिलेलं. वहिनीला अक्षरओळख नाही. एका कागदावर बोट ठेवून म्हणाली, "यात काय हाये, भाऊजी? हे लय दिस घोकत होते."

मी त्यात एका विशेषणाला शेपूट जोडून क्रियाविशेषण केलं होतं, बस्स. मराठीत सांगितलं, "दर शनिवारी मोटार स्टँडवर मी आतुरतेनं तुझी वाट पाहतो."

वहिनीनं लाल खुणेवरून बोट फिरवलं. "अन् तुमी काय लिवलं?"

मी कागदाची घडी घातली.

निघायला स्टँडवर आलो. चहावाल्यानं कडेचं बाकडं फडक्यानं पुसलं. "बसा. विठूभाऊ इथंच बसे. शेवटची मोटार रिकामी झाली की मंग उठे." बसलो. माझी खामगावची मोटार लागली, भरली, धूळ उडवत गेली. मी तिथंच बसून होतो.