मेन स्विच: बंद की खुला

खालून ओरडा आला तेव्हा मी वरच्या वर्गात हजेरी घेत होते. जिना उतरून वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत स्विच खाली ओढला गेला होता. कल्पना भोयर फरशीवर बसली होती. उजवा हात तिने डाव्या हाताने धरून ठेवला होता. पहिल्या दोन बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि जळका वास येत होता. ती रडत नव्हती. शॉक बसलेला माणूस पहिल्या काही मिनिटांत बहुधा रडत नाही.

वर्कशॉपचे ठाकुर सर तिच्यापुढे उभे होते. "स्विच किसने चालू किया?" ते विचारत होते. "मैं पूछ रहा हूँ, किसने किया?"

कल्पना म्हणाली, "मैंने खोला था, सर."

तेवढंच. बाराच्या बारा मुलामुलींनी ते ऐकलं. मीही ऐकलं. त्या क्षणी मला त्यात काही खटकलं नाही, हे आधीच कबूल करते.

मी जबलपूरच्या एका खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडची थिअरी शिकवते. एकोणीस वर्षं झाली. शिकवणं हिंदीत चालतं; माझं बोलणं इथे बहुतेक मराठीत लिहिलंय. माझं स्वतःचं पॉलिटेक्निक नागपूरला, इंग्रजी पुस्तकांतून झालं. या माहितीचा पुढे संबंध आहे, म्हणून सांगितली.

त्या सत्रात आमच्याकडे नवा नियम आला होता. प्रत्येक टेस्टनंतर प्रत्येक विद्यार्थ्याला लेखी फीडबॅक द्यायचा. नुसते मार्क चालणार नाहीत. काय चुकलं, का चुकलं, पुढे काय करायचं, सगळं लिहून द्यायचं. माझ्याकडे तीन सेक्शन. मी प्राचार्यांना विचारलं, "दुबेजी, इतका वेळ कुठून आणू?" ते म्हणाले, "आजकल तो चैटबॉट है मैडम. पाँच मिनट का काम है."

पाच मिनिटांचं नव्हतं, पण एका दुपारचं होतं. मी शिकून घेतलं. चॅटबॉटला धडा दिला की तो प्रश्न काढायचा आणि प्रश्न चांगले असायचे. कूलरची मोटर, बोअरचा पंप, लग्नाच्या मांडवातली वायरिंग, असे मुलांच्या ओळखीचे. मला इतके सुचले नसते. मुलं मोबाईलवरच्या फॉर्ममध्ये उत्तरं टाइप करायची. मी ती उत्तरं आणि माझी उत्तरसूची चॅटबॉटला द्यायची. तो प्रत्येकाचे मार्क आणि चार ओळींचा हिंदी फीडबॅक द्यायचा. मी प्रिंट काढून, चिठ्ठ्या कापून, खाली सही करून वाटायची. पहिल्या दोन टेस्टला सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. तिसरीला सुरुवातीच्या दहा वाचल्या, त्या ठीक वाटल्या, म्हणून उरलेल्यांवर नुसत्या सह्या केल्या.

कल्पनाचा अपघात तिसऱ्या टेस्टनंतरच्या आठवड्यात झाला.

तिला नेपियर टाउनमधल्या एका नर्सिंग होममध्ये नेलं. मी सोबत होते. तासाभरात तिचे वडील रांझीहून मोटारसायकलवर आले. भोयरकाका फॅक्टरीतून रिटायर झालेले, मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलेलं. मूळ घर भंडाऱ्याकडचं. त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "पोरगी तीन दिवसांपासून ते पाठ करून राहिली होती. बंद नहीं, खोलना. बंद नहीं, खोलना. स्वयंपाक करता करता बी तेच. मी म्हटलं, काहून वं, उलटं काहून म्हणते? आमच्या शॉपमधी तर मशीनला हात लावायच्या आधी बंदच करत होतो. तर म्हणे, बाबा, तुमच्या जमान्याचं राहू द्या. मॅडमनं लिहून देल्लं."

मी म्हटलं, "मी काय लिहून दिलं, काका?"

"ते मले काय माहीत? चिठ्ठी हाय तिच्या वहीत."

तिची बॅग बाकावरच होती. वही काढली. पहिल्या पानावर चिठ्ठी गोंदाने चिकटवलेली होती. खाली माझी सही.

प्रश्न होता: पॅनेलवर काम सुरू करण्याआधीची पावलं क्रमाने लिहा. कल्पनाने लिहिलं होतं, "सबसे पहले मेन स्विच बंद करेंगे." पुढची पावलंही बरोबर. पाचपैकी तीन मार्क. आणि फीडबॅक असा: "आपने लिखा है कि मेन स्विच बंद करेंगे. ध्यान दीजिए, बंद परिपथ में धारा बहती है. काम शुरू करने से पहले स्विच को खोलना चाहिए. बाकी क्रम बहुत अच्छा है, ऐसे ही मेहनत करते रहिए!"

वाचकांना हे समजावून सांगायला हवं. परिपथ म्हणजे सर्किट, विजेचा फिरण्याचा रस्ता. रस्ता पूर्ण जोडलेला असेल तर त्याला इंग्रजीत क्लोज्ड म्हणतात, वीज वाहते. रस्ता मध्येच तोडला तर ओपन, वीज थांबते. हिंदी पाठ्यपुस्तकात याचं भाषांतर बंद परिपथ आणि खुला परिपथ असं आहे. पण घरात आपण पंखा बंद कर म्हणतो तेव्हा वीज थांबवायची असते, आणि ‘नल खोलो’ म्हटलं की पाणी येतं. म्हणजे पुस्तकातला बंद आणि घरातला बंद एकमेकांच्या बरोबर उलट आहेत.

माझी उत्तरसूची इंग्रजीत होती. पहिलं पाऊल: ओपन द मेन स्विच. माझ्यासाठी त्याचा अर्थ ऑफ करा, तो माझ्या हातात बसलेला आहे. चॅटबॉटने ओपनचं खोलना केलं, कल्पनाचा बंद त्याच्याशी ताडून पाहिला, आणि पुस्तकाच्या हिशेबाने अगदी अचूक चूक काढली. तिचं उत्तर बरोबर होतं. ते माझ्या सहीने चूक झालं.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन मी शहनाजला गाठलं. कल्पनाच्या शेजारी तीच उभी होती आणि तिनेच हँडल खाली ओढलं होतं.

"काय झालं ते नीट सांग."

"मैडम, सर ने कहा अपनी-अपनी चिट्ठी देखकर स्टेप करो. हैंडल नीचे था. कल्पना दीदी ने ऊपर किया. मैंने बोला भी, दीदी, ये तो चालू हो गया न? वो बोलीं, बंद में करंट बहता है, खोलना है, पढ़ा नहीं क्या तूने? मैं चुप हो गई. उनके मार्क्स मुझसे अच्छे आते हैं."

"टेस्टर लावून नाही पाहिलं?"

"टेस्टर दो ही हैं मैडम. दोनों उधर वाले पैनल पर थे."

मी स्विचजवळ गेले. लोखंडी पेटी, बाजूला हँडल. ऑन आणि ऑफ ही अक्षरं कधीतरी मारलेल्या करड्या रंगाखाली गेलेली. नवीन मुलांचं ते पहिलंच चालू पॅनेल होतं. हँडल खाली म्हणजे वीज थांबलेली आणि वर म्हणजे चालू, हे त्यांना कोणी दाखवलंच नव्हतं. ती जबाबदारी ठाकुर सरांना थिअरीची वाटत होती आणि मला प्रॅक्टिकलची.

मग वर जाऊन सगळ्या चिठ्ठ्यांची फाईल उघडली. चोपन्न उत्तरं होती. एकेचाळीस जणांनी बंद लिहिलं होतं. एकेचाळीसही जणांना तोच फीडबॅक, शब्द थोडे इकडे तिकडे. मी वाचलेल्या पहिल्या दहांपैकी सहा जणांच्या चिठ्ठीत तो होता. म्हणजे मी तो सहा वेळा वाचला होता. मला त्यात चूक दिसली नाही, कारण मी तो इंग्रजीत ऐकत होते.

बाकीच्या चाळीस जणांचे हात शाबूत होते, कारण त्यांनी चिठ्ठ्या वाचल्याच नव्हत्या. मार्क बघून खिशात घातल्या होत्या. कल्पनाने वाचली, चिकटवली, पाठ केली.

चौथ्या दिवशी दुबेजींनी बोलावलं. चौकशीचा अहवाल तयार होता, अर्ध्या पानाचा. छात्रा की लापरवाही से दुर्घटना हुई. खाली ठाकुर सरांची सही होती, माझी जागा रिकामी.

आमच्या नियमात असा निष्काळजीपणाचा शेरा बसला की विद्यार्थ्याला प्रॅक्टिकलमधून काढतात. प्रॅक्टिकल नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर ट्रेड संपला. कल्पना बावीस वर्षांची. बारावीनंतर तीन वर्षं घरी बसून, घरच्यांशी भांडून तिने ॲडमिशन घेतलेली.

"साइन कर दीजिए," दुबेजी म्हणाले. "ऊपर भेजना है."

"हे खरं नाही."

"लड़की ने खुद सबके सामने कहा है कि स्विच उसने चालू किया."

"चालू नहीं कहा उसने. खोला कहा."

"एक ही बात है."

"नाही ना. तेवढंच तर सांगतेय." मी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली आणि समजावलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. ते स्वतः फिजिक्सचे.

त्यांनी चिठ्ठीखालच्या सहीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मैडम, इस पर साइन आपकी है. चैटबॉट की नहीं."

"हो."

"तो आप समझ रही हैं, ये ऊपर गया तो क्या होगा? लड़की की उँगली तो वापस आने से रही. आपकी नौकरी और जाएगी. संस्था का नाम अलग से."

"मी वेगळी नोट देते. तुम्ही ती अहवालासोबत लावा."

"मैं नहीं लगाऊँगा."

"मग मी थेट पाठवते."

"देखिए," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "शौक से शहीद होइए. मुझे मत घसीटिए."

मी घरी, विजय नगरला गेले आणि नोट लिहिली. एक पान. प्रश्न, माझी इंग्रजी उत्तरसूची, कल्पनाचं उत्तर, फीडबॅक. एकेचाळीस चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स. शेवटी एक ओळ: विद्यार्थिनीने लेखी सूचनेचं तंतोतंत पालन केलं; सूचना चूक होती; ती तपासण्याची जबाबदारी माझी होती. नवऱ्याने वाचली आणि विचारलं, "शेवटची ओळ घालायलाच हवी का?" तीच काढली तर बाकीच्या पानाला काय अर्थ, मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी विभागाच्या कार्यालयात रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली.

दीड महिन्याने एक अधिकारी आले. त्यांनी शहनाजला विचारलं, ठाकुर सरांना विचारलं, मला दोन तास विचारलं. हँडल स्वतः वर खाली करून पाहिलं. अंतिम अहवालात लापरवाही हा शब्द राहिला नाही. त्याजागी आलं: शब्दावली की अस्पष्टता के कारण. कोणाची शब्दावली, ते लिहिलं नाही. दुबेजींवर काही आलं नाही. मला कारणे दाखवा नोटीस आणि वर्षभर मूल्यमापनाच्या कामातून बाहेर. पेटीवर ऑन ऑफ नव्याने रंगवलं. टेस्टर आणखी चार आले.

कल्पनाला परत घेतलं. तोवर दोन्ही बोटांच्या जखमा भरल्या होत्या, पण तर्जनी वाकत नव्हती आणि वाकणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. परत आली त्या दिवशी ती आधी माझ्याकडे आली.

"मैडम, मेरा बंद सही था न?"

"सही था."

"फिर दो नंबर क्यों काटे?"

मी रजिस्टर काढलं, तीनचे पाच केले आणि बाजूला सही केली. तिने वाकून ती खोडाखोड नीट पाहिली आणि खाली वर्कशॉपमध्ये गेली.

चार दिवस ती आली. ठाकुर सर सांगायचे, पॅनेलला हात लावण्याआधी ती तिघांना विचारायची, बंद है न? पक्का बंद है न? तिघांनी हो म्हटलं तरी हात पुढे जायचा नाही. डाव्या हाताने स्क्रू ड्रायव्हर धरायची तो गळून पडायचा. पाचव्या दिवशी आली नाही. मी रांझीला गेले तर भोयरकाका दारातच म्हणाले, "राहू द्या मॅडम. तुमी तुमचं केलं. तिच्या हातानं आता होत नाही." आतून कुकरच्या शिट्टीचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. मी निघून आले.

वर्ष संपल्यावर मूल्यमापन परत माझ्याकडे आलं, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. चॅटबॉट मी अजून वापरते. प्रश्न तो आजही माझ्यापेक्षा चांगले काढतो. उत्तरसूची मात्र हिंदीत लिहिते, आणि स्विचच्या बाबतीत बंद किंवा खुला हे शब्दच वापरत नाही. हँडल नीचे, हँडल ऊपर, एवढंच. फीडबॅकची चिठ्ठी देण्याआधी एका विद्यार्थ्याला सप्लाय काढलेल्या पॅनेलपुढे उभं करते, चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावते आणि म्हणते, अब जो लिखा है, हाथ से करके दिखाओ. हात चुकीच्या दिशेला गेला तर मुलाला काही बोलत नाही, त्या चिठ्ठ्या फाडते. या सत्रात आतापर्यंत तीनदा फाडल्या आहेत. तिन्ही वेळा भाषा शुद्ध होती आणि शेवटी लिहिलं होतं, ऐसे ही मेहनत करते रहिए.