उल्केच्या मेसेजखाली माझं नाव

मंडळी, उल्केचा जो मेसेज माझ्या नावाने फिरतोय, त्यातल्या शेवटच्या दोन ओळी माझ्या नाहीत.

आज संध्याकाळी बाळकुमला आकाशात अग्निगोल दिसला आणि पाठोपाठ मोठा आवाज झाला. कुठल्यातरी कंपनीत स्फोट झाला, असंच सगळ्यांना वाटलं. ती उल्का होती, असं मी सांगितलं. शेजारचा विलास, माझा जुना मित्र, म्हणाला, "सोसायटीच्या ग्रुपसाठी नीट लिहून दे रे."

मी लिहिलं: उल्का प्रचंड वेगाने वातावरणात शिरते, पुढची दाबलेली हवा तिच्या भेगांत घुसते आणि ती फुटते. असे अग्निगोल पृथ्वीवर रोज कुठे ना कुठे येतात. बरेचसे समुद्रावर, म्हणून आपल्याला कळत नाहीत.

विलासने खाली जोडलं: रात्री आणखी पडणार आहेत. गरोदर बायकांनी बाहेर पडू नये.

थोड्याच वेळात मोहन्याहून भाचीचा फोन. "मामा, तू लिहिलंयस म्हणून सासूबाई मला सोनोग्राफीला सोडत नाहीयेत!"

विलासला जाब विचारला. "अरे, ग्रहणात पाळतोच ना आपण? आणि तुझं नाव असलं की लोक ऐकतात."

सासूबाईंना मी समजावलं, भाची निघाली. पण माझं नाव मी विलासकडे विश्वासाने दिलं होतं. तुम्ही त्याला पुन्हा काही लिहून दिलं असतंत का?