मान वळवून प्यायलेलं पन्हं

कोरियाहून कोरीटला परत आल्यावर मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो कुत्र्याबद्दलचा होता. "तठला लोके कुत्रा खातस म्हने, खरं शे का वं?" शेजारची काकू विचारायची, दूधवाला विचारायचा, कुणाच्या लग्नात जेवायला बसले तर पंगतीतली अनोळखी बाईसुद्धा विचारायची. कोरियातल्या एका लहानशा गावात मी तीन वर्षं शाळेतल्या मुलांना इंग्रजी शिकवलं. मुलं कशी होती, थंडी किती पडते, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. सुरुवातीला मी नीट सांगायचे की आमचं घर शाकाहारी, मी कशाला खाईन. मग कंटाळून "खाधं, मस्त लागस" म्हणायला लागले. ते आईच्या कानावर गेलं आणि तिने माझ्याशी अबोला धरला.

खरं तर तिथे सुरुवातीला मी अर्धपोटीच असायचे. शाळेत दुपारी खणाखणांचं ताट मिळायचं. त्यात भात, सूप आणि किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं तिखट लोणचं. मांस नको म्हटलं की वाढणाऱ्या बाई सूपातले तुकडे चमच्याने वेचून काढायच्या आणि तेच सूप मोठ्या प्रेमाने माझ्यापुढे सरकवायच्या. किमचीत खारवलेली कोळंबी असते हे मला कळलं तोवर माझी पुष्कळ खाऊन झाली होती. बरोबरीचे शिक्षक टक लावून बघायचे, तिखटाने हिच्या डोळ्यांत पाणी कधी येतंय. नंदुरबारच्या मिरचीवर वाढलेल्या बाईला ती गोडसर मिरची काय रडवणार? मी कोरडीच राहिले की त्यांचे चेहरे पडायचे आणि मला आसुरी आनंद व्हायचा.

जेवणापेक्षा रीतीभाती शिकायला वेळ लागला. पहिल्याच भेटीत वय विचारायचं, कारण कुणी कुणाला किती वाकायचं ते वयावर ठरतं. मोठ्यांनी चमचा उचलल्याशिवाय आपण उचलायचा नाही. त्यांनी काही दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं. शाळेची सगळी मंडळी महिन्यातून कधीतरी एकत्र जेवायला जायची आणि मुख्याध्यापक, साठीकडे झुकलेला हसरा माणूस, एकेकाच्या छोट्या ग्लासात स्वतःच्या हाताने दारू ओतायचा. पहिल्या वेळी मी हात आडवा केला तर सगळं टेबल चिडीचूप झालं. शेजारच्या बाईंनी मला कानात समजावलं, की नुसती ओठाला लाव, पण ग्लास धर. आणि पिताना मान बाजूला वळव, तोंडासमोर हात धर, मोठ्यांच्या तोंडासमोर प्यायचं नसतं. मी तसं केलं. पुढे पुढे थोडी पिऊही लागले. चव औषधासारखी होती. पण त्या टेबलावर माझ्याशी कुणीतरी माणसासारखं बोलायचं, म्हणून मी जायचे.

परत आले तेव्हा माझं वय लग्नाच्या बाजारातून उठल्यात जमा होतं. काकूने एक स्थळ आणलं. मुलगा लोणखेड्याच्या कॉलेजात शिकवणारा. घरच्यांनी भेटायची तारीख ठरवायच्या आधीच आम्ही फोनवर बोलायला लागलो. रोज संध्याकाळी तो कॉलेजातून निघाला की फोन करायचा. त्याच्याशी अहिराणीतच बोलणं व्हायचं, आणि इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या भाषेत मला हसवत होतं. मला तो हवा होता. दुसरं कुणीही नको, हाच.

म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. मुख्याध्यापकाच्या ग्लासासकट. तो पलीकडून खो खो हसला. "त्यामा काय शे? मन्हा बाप तं रोज पेस," तो म्हणाला. मी विचारलं, तुझ्या आईला कळलं तर? "तू टेन्शन लेऊ नको. मायले मी समजाडसु." मी निर्धास्त झाले. इतकी निर्धास्त की आईबरोबर नंदुरबारला जाऊन नवीन साडी घेऊन आले, आणि आईने अबोला सोडला.

ऐन उन्हाळ्यात ते आले. तो, त्याचे आईवडील आणि सुरतेला दिलेली त्याची बहीण. आईने रस, पुऱ्या, कुरडया असा बेत केला होता. आधी मी कैरीचं पन्हं नेलं, सगळ्यांना दिलं आणि बाजूला बसले. त्याचे वडील भले वाटले. ते म्हणाले, "अवं पोरी, तू बी ले ना." आणि त्यांनी जग उचलून एका छोट्या ग्लासात स्वतः माझ्यासाठी पन्हं ओतलं.

समोर वडीलधारा माणूस, त्याच्या हातून ओतलं जाणारं पेय, छोटा ग्लास. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. दोन्ही हात पुढे करून मी ग्लास घेतला, मान वळवली, तोंडासमोर तळवा धरला आणि पन्हं पिऊन टाकलं. मान सरळ केली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते.

"अवं माय!" त्याची बहीण ओरडली. तिला आनंदच झाला होता. "हाई तं मी सिरियलमा देखेल शे! कोरियामा मोठास्नासमोर दारू पेतस ना, तवय असंच तोंड फिराडतस!"

दुपारभर मोबाईलवर कोरियन मालिका बघत लोळणारी ती बाई. तिच्या मनात काही वाईट नव्हतं हेही मला मान्य आहे, पण अजून मला तिचा आवाज सहन होत नाही. तिच्या आईने ग्लास खाली ठेवला आणि मला विचारलं, "तू दारू पेस?"

मी म्हटलं, तिथे कधीमधी घेतली, तिथली रीत होती, आता नाही. आणि हेही म्हटलं, की मी यांना आधीच सगळं सांगितलंय. तुम्ही यांनाच विचारा.

माय लेकाकडे वळली. तो बैठकीत आल्यापासून कॉलेजातलं मराठी बोलत होता, तसंच आताही बोलला. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं." शांतपणे, माझ्याकडे न बघता. त्याचे रोज पिणारे वडील पंख्याकडे बघत राहिले.

"आम्हना घरमा हाई चालस नही," माय म्हणाली. "आन वरथीन खोटं बोलनं तं मुळीच नही."

मग ते जेवले. रस दोनदा घेतला, कुरडयांचं कौतुक केलं, आणि मी वाढलं. त्याच्या ताटातसुद्धा मी वाढलं. तो "बस, बस" म्हणाला.

ते गेल्यावर आई मोरीत भांडी आपटत राहिली. बाबा ओट्यावर बसले होते. मी दारू का प्यायले हे त्यांनी विचारलंच नाही. ते म्हणाले, "त्या भल्या मुलावर कशाला ढकललंस?" मी फोन काढून त्यांना रोजच्या कॉलची यादी दाखवू शकले असते. पण त्यातून नुसतं आम्ही बोलायचो एवढंच दिसलं असतं, आणि त्याचीही त्यांना लाजच वाटली असती. मी आत जाऊन साडी बदलली.

आठवडा झाला असेल. संध्याकाळी, नेहमीच्या कॉलेज सुटायच्या वेळेपेक्षा जरा उशिरा, त्याचा फोन आला. तो घरूनच बोलत होता. म्हणाला, मोठ्या माणसांसमोर काय बोलणार, त्या वेळी काही सुचलंच नाही. घरचे आता शिरपूरची एक मुलगी बघताहेत, बहुतेक जमेल. "पन आपन बोलत ऱ्हावूत ना पहिलेसारखं. त्यामा काय शे?"

आवाज तोच होता, हसरा. आणि माझं नशीब असं की ऐकताना मला बरंही वाटत होतं, म्हणून स्वतःचा भयंकर राग आला.

मी म्हटलं, "तुन्ही मायले फोन दे."

माय जवळच असावी, कारण तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "कोन शे रे?"

"राँग नंबर," तो म्हणाला.