बाहुली आकसते तेव्हा

सकाळचे सात चाळीस. कॅनडातल्या थंडर बे शहराच्या हॉस्पिटलात, मेंदूच्या रुग्णांच्या अतिदक्षता विभागात, नर्स आइला कोस्केला झोपलेल्या रेइनोच्या पापण्या अंगठ्याने वर करत होती. बारीक टॉर्चचा झोत आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्यात. दोन्ही बाहुल्या झटकन आकसल्या. तिने तक्त्यात नोंद केली. सव्वीस वर्षं ती दर तासाला हेच करत आली होती.

तिची आणखी एक सवय होती. ताटकळलेल्या नातेवाइकांच्या हातात ती टॉर्च द्यायची. माणूस बोलत नसला तरी बाहुली हलताना दिसते, तेवढाच धीर. तीन दिवसांपूर्वी तिने रेइनोच्या बायकोला, एक्क्याऐंशी वर्षांच्या हेल्वीला, अशीच एक दिली होती.

आठला रेइनो पहिल्यांदाच नीट जागा झाला. बर्फावरून उसळलेलं ऊन थेट त्याच्या तोंडावर होतं.

"हॉस्पिटलातही दिवे वाचवतात वाटतं," तो म्हणाला.

"नाटकं पुरेत," हेल्वी म्हणाली आणि तिने टॉर्च मारली. "बघ पोरी, कशी आकसतेय. दिसतंय याला. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायला लावणारा माणूस हा."

आइलाने स्कॅन पाहिला होता. ती स्टूल ओढून बसली.

"हेल्वी, डोळ्यातून उजेडाचा निरोप आत जातो ना, त्याला वाटेत एक फाटा फुटतो. तो मेंदूच्या मध्यापर्यंत जातो आणि तिथूनच दोन्ही बाहुल्यांना आकसायचा हुकूम सुटतो. दिसण्याची वाट पुढे, डोक्याच्या पार मागे जाते. तिथला रक्तपुरवठा तुटलाय. दोन्ही बाजूंचा."

"मग तीन दिवस मी काय बघत होते?"

"तो फाटा शाबूत आहे, एवढंच."

"तेव्हाच सांगायचंस."

"सांगायला हवं होतं," आइला म्हणाली. यापूर्वी किती जणांना सांगायचं राहिलं, ते तिने मनातही मोजलं नाही.

"मी इथेच आहे म्हटलं," रेइनो म्हणाला. "कायमचं का?"

"थोडं परत येईलही. डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगणार नाहीत."

हेल्वीने रेइनोच्या चेहऱ्यावरचं ऊन हाताने अडवलं. त्याला कळलं नाही.

उद्या सकाळी दहाला रेइनोला तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात हलवणार आहेत. तिथे बाहुल्या चार तासांनी एकदा तपासतात.