पाचव्या सिलिंडरचा प्लग

त्याला सगळे थंडोबा म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. गरम इंजिनाला पाना लावायचा नाही, हा त्याचा नेम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, बॉनेट उघडून तो बाकावर बसे आणि म्हणे, "आधी तिला निवू दे." डोक्यावर बर्फ घेऊन जन्मलाय, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. गरम इंजिनातून प्लग ओढून भोकाचे आटे घालवणाऱ्या मिस्त्रींच्या गाड्या शेवटी त्याच्याच दारात येत.

त्या दिवशी आला तो दाजींचा म्हातारा पेट्रोल ट्रक. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कष्टाळू माणूस, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. ट्रक आचके देत होता, चढ दिसला की मान टाकत होता. दुपारी फरशा भरून घाटापलीकडे जायचं होतं, आणि ताईही सोबत निघाली होती, दिवस भरत आलेल्या लेकीकडे.

इंजिन निवलं. थंडोबाने सहाही प्लग काढून फडक्यावर ओळीने मांडले. पाच काजळलेले, टोकं झिजून बोथट झालेली. पाचव्या सिलिंडरचा मात्र घासून ठेवल्यासारखा लख्ख.

"हा एक तरी गुणाचा निघाला," दाजी खूश झाले. "हा राहू दे तसाच."

थंडोबाने तो प्लग उचलून उजेडात धरला. चालत्या इंजिनातला प्लग इतका लख्ख नसतो. हा आतल्या आत धुतला जात होता. हेडखालचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं, पॅकिंग फाटलं होतं आणि रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये झिरपून त्याची वाफ होत होती. भरल्या गाडीने अर्धा घाट चढला की पॅकिंग पुरतं जाणार, इंजिन बंद पडणार. आणि इंजिन बंद पडलं की या जुन्या गाडीचे ब्रेक दगडासारखे होतात, दाबले तरी लागत नाहीत. मागे राहतो नुसता उतार.

"दाजी, हेड उघडावं लागेल. आज गाडी काढू नका."

"प्लग बदलायला आणलीय, तिचं पोट फाडायला नाही. तुझं आपलं नेहमीचंच. निवू दे, थांबू दे."

वाद वाढला. पण थंडोबाचं तोंड भांडत होतं तेव्हा हात आपलं काम करत होते. नवा प्लग आधी बोटांनी फिरवायचा, आट्यात नीट बसला की पान्याने बेताने आवळायचा, जन्माची खोड. भानावर आला तेव्हा सहाही बसले होते.

दाजींनी चावी फिरवली. इंजिन असं मऊ चालू लागलं की थंडोबाला तो आवाज ऐकवेना. सकाळी हा ट्रक घाटाच्या पायथ्यालाही पोचला नसता. आता मधल्या वळणापर्यंत नक्की जाणार होता, आणि ही करणी त्याचीच होती.

फरशा भरून ट्रक पुन्हा गॅरेजसमोर थांबला. ताई पिशवी घेऊन आली. आई गेल्यावर तिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं.

"ताई, तू नको जाऊस. गाडी धड नाही."

"प्लग तू बसवलेस ना?" ती हसली. "मग मला कसली भीती?"

आणि ती केबिनमध्ये चढलीसुद्धा.

"दाजी, जरा बंद करा. एक प्लग बघतो," तो म्हणाला.

बॉनेट उघडताच धग तोंडावर आली. गाडी अडवायला वायर काढून लपवावी, तर शेजारच्या दुकानात दुसरी मिळते. आटे कुठे मिळत नाहीत. त्याने पान्याला लांब पाइप घातला आणि पाचव्या सिलिंडरचा प्लग आवळायला सुरुवात केली. मनगट तापल्या लोखंडाला टेकलं, चरचरलं. त्याने पाना सोडला नाही. धातूने आधी कुरकुर केली, मग आटे तुटले आणि पाना पोकळ फिरला.

दाजी खाली आले. फडक्यात धरलेल्या प्लगच्या आट्यांत हेडचा चंदेरी चुरा अडकला होता.

"गरम इंजिनाला पाना?" ते हळूच म्हणाले. "तू?" मग त्यांचा आवाज चढला आणि सगळा रस्ता गोळा झाला.

"चुकलं," थंडोबा म्हणाला. भोकातून पांढरी वाफ येत होती, पण ती बघायला कुणाला सवड नव्हती.

ताईने त्याचं मनगट नळाखाली धरलं. "इतकी वाईट होती गाडी?" तिने विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. तिने पिशवी तिथेच खाली ठेवली.

नवे आटे पाडायला हेड उतरवावंच लागतं, आणि हेड उतरलं की पॅकिंग बदलावंच लागतं. तेवढा हिशेब त्याने केला होता. दाजींनी ते काम दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घेतलं. त्या मिस्त्रीने फाटकं पॅकिंग भंगारात फेकलं. दाजींनी ते पाहिलंही नाही. त्या रस्त्यावर आता त्याला थंडोबा असं कुणी म्हणत नाही. घाईची गिऱ्हाइकं त्याच्या दारावरून पुढे जातात, आणि तो बाकावर बसून त्यांच्या इंजिनांचे आवाज ऐकतो.