नबीलालनं वाचवलेला बट्टा

नेवाशाचा नबीलाल पिंजारी गादी झकास भरायचा, पण पैसा असा दाबून धरायचा की त्या गादीतल्या कापसालाही कीव यावी. गोष्ट चव्वेचाळीस सालची. मी काही तिथं नव्हतो. त्याच्या बायकोनं, चांदबीनं, आमच्या ओट्यावर बसून सांगितली. नवऱ्याच्या बाबतीत हातचं राखून सांगणारी बाई ती नव्हे.

त्याची मुलगी सरवरी लग्नाची झालेली. गंगापूरच्या बिबीजाननं आपल्या मुलासाठी तिला बघून ठेवलं होतं; पक्कं काय ते खुल्दाबादच्या उरसात बोलायचं ठरलं. म्हणजे गोदावरी ओलांडून निजामाच्या मोगलाईत जाणं आलं. तिथं चालतो हाली सिक्का. आपला इंग्रजी कलदार रुपया आधी सराफाकडं मोडायचा, आणि सराफ रुपयामागं बट्टा कापणार.

"नाक्यावर मोडून घ्या की," चांदबी म्हणाली.

"त्या चोराला बट्टा देऊ? तू गप चल. मला जागा ठावं हाय."

जागा कोणती, तर दर्ग्याबाहेरची भिकाऱ्यांची रांग! उरसात त्यांच्यापुढं हाली तांब्याचा ढीग साचतो. ते ओझं त्यांना नकोच असतं. चांदीचा कलदार दिला तर सराफापेक्षा चार पैसे जास्तच देतात. इथवर ठीक. पण हा गडी एका आंधळ्यापुढं फतकल मारून बसला, लाल काठाचा रुमाल अंथरला आणि त्याच्या फडक्यातले ढब्बू पैसे एकेक उचलून आपल्या रुमालात टाकू लागला.

"अजून दोन सोड की बाबा."

"भाऊ, मला पोट हाय."

"मग मला काय न्हाई व्हय?"

बैलगाडीच्या धुळीनं त्याचे कपडे आधीच फकिराचे झाले होते. तेवढ्यात वरून त्याच्या रुमालात एक ढब्बू पडला. बुरख्याआडून आवाज आला, "दुवा करा बाबा, माझ्या पोराचं लगीन जमू द्या."

आवाज बिबीजानचा! नबीलालची मान छातीत गेली. तोंडातून कसंबसं निघालं, "आमीन."

दुपारी चिंचेखाली दोन्ही घरं बसली. बोलणं गोडीनं चाललं होतं. चांदबीनं पानं पुढं केली, ती नेमकी त्याच रुमालावर. बिबीजाननं आधी रुमाल बघितला, मग नबीलालला.

"सकाळी रांगेत तुमीच हुता काय, नबीलालभाई?"

"मागत नव्हतो आपा, अल्लाची आन! पैसे मोडून घेत हुतो. बट्टा वाचतो."

"कुणाकडनं मोडले?"

नबीलाल पानाला चुना लावू लागला. मग चांदबीच बोलली, "आंधळ्याकडनं."

"मागत असता तर बरं हुतं," बिबीजान म्हणाली आणि पान न घेताच उठली.

सरवरीनं पदर तोंडावर ओढला. नबीलाल रुमाल उचलून तडक रांगेकडं गेला आणि सगळाच्या सगळा आंधळ्याच्या फडक्यात रिकामा केला.

आंधळा चाचपून म्हणाला, "आता तुमचा रुपया परत पायजे का, भाऊ?"

"न्हाई."

"मग काय पायजे?"

नबीलालनं रिकामा रुमाल झटकून खांद्यावर टाकला. मागं बिबीजान उभी होती, हे त्याला वळल्यावर कळलं.

"पोरीचा काय गुन्हा," एवढंच ती म्हणाली, आणि लग्न ठरलं.

पण अजून ती नेवाशाला आली की निघताना चारचौघांत व्याह्याच्या तळहातावर एक हाली ढब्बू ठेवते. "दुवा करा बाबा." तो पैसा नेवाशात चालत नाही, आणि नबीलाल तो मोडायलाही नेत नाही. मान खाली घालून म्हणतो, "आमीन."