तळाकडून घासलेली कड

विन्को गोलोबच्या डाव्या अंगठ्याचं नख कधीच धड नसायचं. स्लोव्हेनियातल्या पोहोर्ये डोंगराच्या पायथ्याला गावभरच्या स्नोबोर्डांच्या पोलादी कडांना धार लावून देणारा हा माणूस कडेवर नख ओढून बघायचा. नखाचा पांढरा भुगा निघाला तर धार बरोबर, नाहीतर पुन्हा कानस. ‘‘दाढी वाढली? विन्कोकडचा बोर्ड फिरवा गालावर!’’ अशी थट्टा दुकानात चालायची आणि विन्कोला ती मनापासून आवडायची.

गुडघा गेल्यापासून तो स्वतः बर्फावर उतरत नसे. ती हौस त्याची बायको मिलोय्का भागवायची. साठी उलटली होती, पण सकाळी यंत्रानं बर्फाचा उतार विंचरला की पहिली रेघ हिचीच. बोर्ड असा कलायचा की हातमोजा बर्फाला टेकायचा आणि मागे दोऱ्याएवढी बारीक रेघ उमटायची. खालच्या बाकावर कॉफी घेऊन विन्को त्या रेघेकडे बघत बसे. याहून जास्त काही मागणं त्याला हावरटपणाचं वाटे.

मागच्या हिवाळ्यात ती पडली आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. इस्पितळात ती नर्सशी विनोद करत होती, हा बाहेर खुर्चीवर बसून रडत होता. हाड जुळलं. विन्कोची भीती मात्र त्याच्या पोटातच राहिली.

यंदा बर्फ पडल्यावर तिनं बोर्ड त्याच्यापुढे आणून टाकला. ‘‘नेहमीसारखी लाव. पाव कापता आला पाहिजे.’’

विन्कोनं नेहमीसारखी लावली नाही. कडेला दोन अंगं असतात. बाजूचं अंग कितीदाही घासा, बिघडत नाही. तळाकडचं मात्र जास्त घासलं की कड बर्फापासून वर राहते, उशिरा पकडते, आणि गेलेलं पोलाद काही परत येत नाही. गिऱ्हाइकांना हे बजावून बजावून त्याचा घसा बसायचा. त्याच माणसानं बायकोच्या बोर्डाची कड तळाकडून एक अंशाऐवजी चांगली तीन अंश उतरवली. पकड ढिली झाली की बया जपून जाईल, असा त्याचा हिशेब. बाजूनं मात्र लखलखीत धार केली, म्हणजे तिच्या नखाला पत्ता लागायला नको.

सकाळी तो बाकावर बसला. मिलोय्का निघाली आणि पहिल्याच वळणावर रेघेऐवजी रुंद फराटा उमटला. दुसऱ्या वळणाला कडक बर्फावर बोर्ड निसटला आणि ती कुशीवर घसरत थेट उताराच्या बाजूला लावलेल्या जाळीत गेली. विन्कोची कॉफी मांडीवर सांडली. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

ती चालत खाली आली, बोर्ड काखेत.

‘‘लागलं का गं?’’

‘‘ढुंगणाला लागलंय. दाखवू इथंच?’’ तिनं बोर्ड उलटा करून बाकावर ठेवला, त्याच्या खिशातली पोलादी पट्टी उपसली आणि तळावर आडवी धरली. कडेपाशी पट्टीखालून उजेड दिसला. ‘‘हे कुणी केलं?’’

‘‘मी.’’

‘‘चुकून?’’

‘‘नाही गं. भ्यालो. म्हटलं, हळू जाशील.’’

मिलोय्का त्याच्याशेजारी बसली. ‘‘अरे खुळ्या, गेल्या वर्षी मी पडले ती उताराच्या मधेच ठाण मांडून बसलेल्या एका ठोंब्याला चुकवताना. धारेनं मला आजवर कधी पाडलं नाही. आज पाडलं ते तुझ्या काळजीनं.’’

विन्कोला तोंड वर करवेना. ‘‘सगळा तळच घासून खाली घ्यावा लागेल आता. बोर्डाचं एखादं वर्ष कमी होईल.’’

‘‘बोर्डाचंच ना? होऊ दे.’’

दुपारभर दुकानात तळ घासणारं दगडाचं चाक फिरत होतं. ती बाजूला बसून चक्का भरून गुंडाळलेले कणकेचे गरम श्त्रुक्ली खात होती आणि मधेमधे एखादा त्याच्या तोंडात कोंबत होती. शेवटी त्यानं घासताना कडेवर उठलेलं पोलादी कुसळ काढून टाकलं आणि नख ओढलं. तिनं त्याला ढकलून आपलं नख ओढलं, शिवाय पट्टीही लावली. आजपासून हे असंच चालणार, हे त्याला न सांगता कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कॉफी न घेताच बाकावर बसला. वरून मिलोय्का कलली, हातमोजा टेकला, आणि मागे दोऱ्यासारखी रेघ सुटत आली, खालपर्यंत, न तुटता.

‘‘वाटली भीती?’’ तिनं धापा टाकत विचारलं.

‘‘वाटली.’’

‘‘मग डोळे मिटून घेतले असशील.’’

‘‘छे! रेघ कोण बघणार मग?’’